उतरलेलं वजन परत का येतं?

माझ्या कपाटात एक जुनी डायरी आहे. 2016 च्या जूनपासून सप्टेंबरपर्यंत तिच्यात रोजचं वजन लिहिलेलं आहे. पहिल्या पानावर 86.4, शेवटच्या नोंदीत 75.2. त्यापुढची पानं कोरी आहेत. गणपती आले, मोदक झाले, अनंत चतुर्दशीला इंदुरात रात्रभर झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले देखावे, बघत हिंडलो, पहाटे राजवाड्याजवळ कचोरी खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी काट्यावर उभं राहायची हिंमत झाली नाही. ती पुढे दोन वर्षं झाली नाही. ऑफिसच्या तपासणीत शेवटी आकडा समोर आला: 88. उतरवलेले अकरा किलो व्याजासकट परत आले होते.

ज्या सेंटरात पैसे भरून ते उतरवले होते तिथे परत गेलो, तर समोरच्या बाई म्हणाल्या, "तुम्ही मनावरच घेतलं नाहीत." मला ते पटलंही. तीन महिने दोन फुलके, दुधीचा रस आणि उकडलेले मूग यांवर राहणाऱ्या माणसाने मनावर घेतलं नव्हतं असं म्हणणं किती विचित्र आहे, हे मला फार उशिरा कळलं. वजन उतरवणं हे एक काम आणि उतरलेलं टिकवणं हे दुसरं. पहिलं तीन महिन्यांत होतं, म्हणून त्याची दुकानं निघतात. दुसऱ्याला मुदतच नाही.

शरीराचा मुनीम

आधी शरीराची बाजू ऐकून घेऊ, कारण आपण तिला विचारतच नाही.

आपली चरबी गप्प पडून राहत नाही. ती लेप्टिन नावाचं एक संप्रेरक रक्तात सोडते आणि मेंदू त्यावरून साठा किती आहे ते ओळखतो. हे 1994 मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेने शोधलं. सराफ्यातल्या एखाद्या पेढीवरचा जुना मुनीम डोळ्यांसमोर आणा. तिजोरीत किती आहे ते त्याला रोज कळतं. शिल्लक उतरायला लागली की तो दोन गोष्टी करतो: खर्चाला कात्री लावतो आणि वसुलीला माणसं पाठवतो. चरबी घटली की लेप्टिन घटतं, मेंदू शरीराचा खर्च आवरतो आणि भूक वाढवतो. आपण हे डायटिंग हौसेने करतोय, दुष्काळ पडलेला नाही, हे त्या मुनिमाला सांगायची सोय नाही.

आता हे किती चिवट असतं ते पाहा. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी पन्नास जणांना दहा आठवडे अगदी कमी कॅलरींच्या आहारावर ठेवलं आणि मग वर्षभर त्यांच्यावर लक्ष ठेवलं. तो अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षानंतरही भुकेची संप्रेरकं मूळ जागी आलेली नव्हती. वजन परत चढू लागलं होतं आणि भूक तशीच वाढलेली होती. अमेरिकेत वजन उतरवण्याची टीव्हीवर एक स्पर्धा असे. तिच्यातल्या 14 स्पर्धकांना केव्हिन हॉल यांच्या गटाने सहा वर्षांनी पुन्हा तपासलं. सरासरी 58 किलो उतरवलेल्या या मंडळींचे सरासरी 41 किलो परत आले होते. आणि आराम करताना त्यांचं शरीर अपेक्षेपेक्षा रोज सुमारे 500 कॅलरी कमी जाळत होतं. सहा वर्षांनी!

याच हॉल यांचा आणखी एक हिशेब मला सगळ्यात उपयोगी वाटतो. उतरलेल्या दर किलोमागे शरीराचा रोजचा खर्च 20 ते 30 कॅलरींनी घटतो, पण भूक मात्र सुमारे 100 कॅलरींनी वाढते. म्हणजे पाच किलो उतरवलेत, तर शरीर रोज शे-दीडशे कॅलरी वाचवतं आणि पाचशे जास्तीच्या मागतं. पाचशे म्हणजे शेव घातलेल्या पोह्यांची एक प्लेट आणि वर थोडी जलेबी. ही मागणी ओरडून होत नाही. संध्याकाळी सहाला डब्याकडे हात जातो, भाजी दुसऱ्यांदा वाढून घेतली जाते, चहाबरोबर तीन टोस्टचे चार होतात. माणसाला वाटतं आपण पूर्वीइतकंच खातोय.

म्हणून "इच्छाशक्ती कमी पडली" हे निदान मला आता अर्धवट वाटतं. इच्छाशक्ती सकाळी आठला सगळ्यांकडे असते. मुनीम मात्र चोवीस तास पेढीवर बसलेला असतो.

पहिल्या आठवड्याचा आनंदही थोडा फसवा असतो. कमी खायला लागलं की यकृत आणि स्नायूंमधला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा आधी वापरला जातो, आणि दर ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं. ते सुटतं. काटा दोन किलो खाली दिसतो, त्यात चरबी थोडीच असते. एक किलो चरबीत सुमारे 7,700 कॅलरी असतात. "सात दिवसांत पाच किलो" अशी पाटी दिसली की हा भागाकार तोंडी करून बघावा.

काटा आणि टेप

किलोंच्या मागे लागण्याआधी एक पुणेरी गोष्ट सांगतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. यडकिन या दोघांनी 2004 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला. उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, म्हणजे बीएमआय, दोघांचाही 22.3. शरीरातली चरबी मात्र यडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. अंगाने किरकोळ दिसणारा आपला माणूस आतून भरलेला असू शकतो, तोही पोटात, अवयवांच्या भोवती. म्हणूनच भारतीयांसाठी रेषा खाली आणलेली आहे: बीएमआय 23 पासून जास्त वजन आणि 25 पासून स्थूलता. कमरेचा घेर पुरुषांचा 90 आणि बायकांचा 80 सेंटिमीटरच्या आत हवा.

घेर मोजायचा तो नाडी बांधतो तिथे मोजायचा नाही. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, शिंप्याच्या टेपने. आमच्याकडे हा कार्यक्रम झाला तेव्हा मेहुण्यांनी इतका श्वास आत ओढला की टेप खाली घसरला. झब्बा फार सभ्य कपडा आहे, बरंच झाकतो.

आणि दुसरी गोष्ट चेन्नईची. डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या 531 लोकांवर केलेला अभ्यास 2006 मध्ये आला. ज्यांना चालणं आणि आहारातले बदल नीट समजावून दिले, त्यांच्यात मधुमेह होण्याचा धोका 28.5 टक्क्यांनी घटला, आणि गंमत म्हणजे त्यांचं वजन फारसं हललंच नव्हतं. काटा हलला नाही म्हणून निराश होऊन सगळं सोडून देणाऱ्यांसाठी हा निकाल फ्रेम करून लावावा असा आहे. वजन उतरलंच तर सुरुवातीच्या वजनाच्या 5 ते 10 टक्के उतरलं तरी साखर, रक्तदाब, चरबी यांत फरक पडतो. माझ्यासारख्या 88 किलोवाल्याला हे साडेचार ते नऊ किलो झाले. 70 चं स्वप्न मी तिथेच सोडून दिलं. कॉलेजातल्या फोटोतल्या माणसाशी आता माझं भांडण नाही.

तेलाच्या डब्यावरची तारीख

दुसऱ्या खेपेला, 2021 मध्ये, मी एकच अट घातली: जे पाहुणे आल्यावर, लग्नसराईत आणि बायको माहेरी गेल्यावर चालणार नाही, ते सुरूच करायचं नाही. या चाळणीतून दुधीचा रस पहिल्यांदा गळाला.

सुरुवात स्वयंपाकघरातून झाली. गॅसचं सिलिंडर लावलं की आमच्याकडे कालनिर्णयवर तारीख लिहितात. मी म्हटलं, तेलाचा नवा डबा फोडला की त्याचीही लिहू. आई म्हणाली, "तेलाला कसल्या रे तारखा? संपलं की आणायचं." बायको मात्र लगेच पेन घेऊन आली. पाच लिटरचा डबा, खाणारी चार माणसं, संपला 24 दिवसांत. पाच लिटर तेल म्हणजे साधारण 4.6 किलो. माणशी रोज 48 ग्रॅम झाले, तूप वेगळं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 च्या मार्गदर्शिकेत 2,000 कॅलरींच्या दिवसासाठी तेल-तूप मिळून 27 ग्रॅम सांगितलं आहे. एका ग्रॅम तेलात 9 कॅलरी. वरचे 21 ग्रॅम म्हणजे माणशी जवळजवळ 190 कॅलरी रोज, आणि ताटात त्या कुठेही दिसत नाहीत. आमच्या घरी कुणी चमचमीत खात होतं म्हणावं तर तसंही नव्हतं. फोडणी सढळ हाताने, इतकंच.

मग डबा ओतायची सवय मोडली, फोडणीला मोजून चमचे आले, पुऱ्या सणापुरत्या राहिल्या. आता तोच डबा 36 दिवस जातो. वेगळं काही शिजवत नाही, कुणाला "डाएटचं ताट" वाढत नाही. एका घरात दोन स्वयंपाक महिनाभर चालतात, वर्षभर नाहीत.

त्याच मार्गदर्शिकेतला दुसरा आकडा मला जास्त टोचला: डाळी-कडधान्यं रोज 85 ग्रॅम, कच्ची तोलून. आमच्याकडच्या पातळ वरणात माणशी 25 ग्रॅम निघाली. आपलं मराठी ताट, मग ते पुण्याचं असो की इंदूरचं, भात-पोळीने भरतं आणि डाळ पळीने येते. प्रथिनं पोट जास्त वेळ भरलेलं ठेवतात आणि वजन उतरताना स्नायू जपायला लागतात. मुनिमाने वसुलीला पाठवलेली माणसं शांत करायचा एवढाच प्रामाणिक मार्ग मला सापडला. सोयाबीनची राष्ट्रीय संशोधन संस्था आपल्या इंदुरात आहे, माळव्यात जिकडेतिकडे सोयाबीन, आणि आपण त्याचं फक्त तेल घरी आणतो. सोयावडीत शंभर ग्रॅमला पन्नास ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. आईने पहिल्यांदा नाक मुरडलं, मग गोडा मसाला घालून रस्सा केला आणि आता तो तिचाच शोध असल्यासारखं सांगते.

आता पोह्यांकडे येऊ, नाहीतर इंदूरकर पुढे वाचायचे नाहीत. पोहे सोडू नका. ठेल्यावरचे पोहे उकळत्या पाण्याच्या वाफेवर ठेवलेले असतात, त्यात तेल बरेचदा घरच्यापेक्षा कमीच असतं. हिशेब बिघडतो तो वरच्या शेवेत आणि शेजारच्या जलेबीत. शेव म्हणजे बेसन आणि तेल. मूठभर, 30 ग्रॅम धरली तरी दीडशे कॅलरींच्या वर जाते. मी उसळ-पोहे घेतो, शेव चिमटीने आणि जीरावन मसाला मनसोक्त. जलेबी रविवारी. "भिया, सेव कम" एवढंच म्हणावं लागतं. पोहेवाला पहिल्या दिवशी बघत राहिला, आता न सांगता कमी घालतो. चतुर्थीच्या साबूदाण्याला मात्र माझ्याकडे उत्तर नाही. निव्वळ पिष्ट, वर दाणे आणि तूप. उपासाच्या दिवशी आपण इतर दिवसांपेक्षा जास्त खातो, हे देवालाही माहीत असावं.

पाकिटातल्या गोष्टींबद्दल मात्र मी कडक झालोय. हॉल यांनीच 2019 मध्ये वीस माणसांना दोन आठवडे कारखान्यात तयार झालेलं अतिप्रक्रिया केलेलं अन्न आणि दोन आठवडे साधं शिजवलेलं अन्न दिलं, दोन्ही हवं तेवढं खायची मुभा. पाकिटातल्या अन्नावर माणसं रोज सुमारे 500 कॅलरी जास्त खाऊन बसली, आणि भरभर खाल्ली. रात्री खाऊगल्ली होणाऱ्या सराफ्यात उभं राहून खाल्लेला भुट्ट्याचा कीस एका द्रोणात संपतो. टीव्हीसमोरच्या पाकिटाला तळ सापडेपर्यंत हात थांबत नाही.

चालण्याचं खरं काम

पिपल्यापाल्याच्या उद्यानात सकाळी आमचा एक कंपू चालतो. पाच फेऱ्या, राजकारण, मग फाटकाबाहेर कचोरी. सत्तर-ऐंशी किलोचा माणूस अर्धा तास चालून सव्वाशे-दीडशे कॅलरी जाळतो, आणि कचोरी ते दोन मिनिटांत परत करते. वजन उतरवण्याचं साधन म्हणून चालणं दुबळं आहे, हे मान्य केलेलं बरं.

पण टिकवायला ते लागतंच. अमेरिकेत 1994 मध्ये एक नोंदवही सुरू झाली, किमान साडेतेरा किलो उतरवून वर्षभर टिकवलेल्या लोकांची. हजारोंच्या त्या यादीत नव्वद टक्के लोक रोज सरासरी तासभर काहीतरी हालचाल करणारे निघाले. चालून मुनिमाची काटकसर भरून निघते, असं मी समजतो. दहा हजार पावलांचं दडपण मात्र घेऊ नका. तो आकडा कुठल्या डॉक्टरने काढलेला नाही. 1965 च्या सुमाराला जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नावच 'दहा हजार पावलांचा मापक' होतं. मे महिन्यात इंदुरात सातनंतर बाहेर पडणं म्हणजे भट्टीत शिरणं, जुलैत रस्त्यावर डबकी. म्हणून घरातला जिना आणि पाण्याने भरलेल्या दोन बाटल्या ही माझी पावसाळी व्यायामशाळा. वजन उचलल्याशिवाय, मग ते बाटल्यांचं का असेना, स्नायू राहत नाहीत, आणि चाळिशीनंतर ते तसेही गळायला लागलेले असतात.

झोपेबद्दल थोडक्यात. शिकागोच्या संशोधकांनी 2022 मध्ये कमी झोपणाऱ्या 80 जाड माणसांतल्या अर्ध्यांची झोप रोज सव्वा तासाच्या आसपास वाढवली. आहाराबद्दल चकार शब्द काढला नाही. तरी ती माणसं रोज 270 कॅलरी कमी खाऊ लागली. रात्री एकला सराफ्यातून परतणाऱ्या गावाला हे सांगून उपयोग नाही, पण सांगून ठेवतो.

वजन उतरवण्याच्या गोळ्या-इंजेक्शनांचं नाव आता घरोघरी निघतं. ती काम करतात, कारण ती थेट भुकेच्या निरोपावरच बोट ठेवतात. त्यांतल्याच सेमाग्लुटाइड या औषधाच्या अभ्यासात ते बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन-तृतीयांश भाग परत आला. म्हणजे तेही मुदतीचं औषध नाही, रक्तदाबाच्या गोळीसारखं आहे. घ्यायचं तर डॉक्टरांशी बसून, पुढच्या वर्षांचा हिशेब करून. काही न बदलता वजन अचानक चढलं किंवा उतरलं, तर हा लेख बाजूला ठेवून आधी तपासणी. थायरॉइड असतो, स्टिरॉइडच्या गोळ्या असतात, इतरही कारणं असतात.

गुरुवारचा काटा

टिकवण्याच्या कामाला मला सगळ्यात उपयोगी पडली ती एक साधी सिग्नलची पद्धत. अमेरिकेतल्या रीना विंग यांच्या गटाने 2006 मध्ये ती वजन उतरवून झालेल्या 314 लोकांच्या अभ्यासात वापरून पाहिली होती. ठरवलेल्या वजनापासून वाढ दीड किलोच्या आत असेल तर हिरवा, दीड ते सव्वादोन पिवळा, त्यापुढे लाल. हिरव्यात स्वतःचं कौतुक करायचं, पिवळ्यात खाणं-चालणं जरा आवरायचं, लाल झाला तर उतरवण्याच्या वेळचे नियम पुन्हा लावायचे. यातली मेख अशी की वाढ दोन किलोंची असतानाच पकडली जाते. माझी तेरा किलोंची झाल्यावर पकडली गेली होती.

मी दर गुरुवारी सकाळी, चहाच्या आधी, वजन करतो. रोज करत नाही. आदल्या रात्री पापड-लोणचं जास्त झालं तरी मीठ पाणी धरून ठेवतं आणि काटा किलोभर वर जातो. तो पाहून माझा दिवस खराब होतो. काहींना रोजचा आकडा सोसतो, काहींना काटाच सोसत नाही. ज्यांना आकडा बघून खाणं तोडावंसं वाटतं, त्यांनी टेप आणि पँटचं बक्कल यांवर भागवावं.

सवय 21 दिवसांत लागते असं म्हणतात. लंडनमध्ये 96 लोकांवर झालेल्या 2010 च्या अभ्यासात मधला आकडा 66 दिवस निघाला, आणि पसारा 18 पासून 254 दिवसांपर्यंत. एखादा दिवस चुकला म्हणून घडी फारशी विस्कटत नाही, असंही त्यात दिसलं. तेलाच्या चमच्याला आमच्याकडे दोन महिने लागले. रात्री साडेआठच्या आत जेवायला दीड वर्ष, आणि त्यातही शनिवार धरलेला नाही.

ठरवलेलं वजन 80.5 आहे. या वर्षी थंडीत गराडू, म्हणजे तळून खायचा कंद, आले तेव्हा आम्ही चौघं सराफ्यात गेलो, दोन प्लेट घेतल्या, आईने तिसरी मागवली. लिंबू पिळलं, जीरावन भुरभुरवलं, वर रबडीही झाली. त्या गुरुवारी 82.1, पिवळा. बायकोने आकडा पाहिला, काही बोलली नाही, दुपारच्या वरणात डाळ वाढवली आणि चमच्याने मोजून फोडणी दिली. तिसऱ्या गुरुवारी 81.3.